आटणीतून उरलेलं

14 ऑक्टोबर

बँकेच्या लॉकरमधून पेटी घरी आणली. दिवाळी होईपर्यंत ती घरात राहील, मग परत जाईल. पेटीला पंधरा खण आहेत, त्यांतले चौदा भरलेले. अडीच डॉलरची ही अमेरिकन सोन्याची नाणी 1908 ते 1929 या काळातली. 1916 ते 1924 ही वर्षं ती पाडलीच नाहीत. साल आणि टांकसाळ धरून सगळे मिळून प्रकार होतात पंधरा, म्हणून तर मी हा संच हाती घेतला. त्याच काळातल्या वीस डॉलरच्या नाण्यांचा संच पुरा करायला कोट्यधीशच हवा. हा मात्र पगारातून थोडंथोडं बाजूला टाकत जमवता येतो. मला बावीस वर्षं लागली आहेत.

आज 1908 चं नाणं काट्यावर ठेवलं. 4.18 ग्रॅम, म्हणजे तोळ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जरा जास्त. आकाराने आपल्या रुपयाहून लहान, अवघं 18 मिलिमीटर. हजारात नऊशे भाग सोनं आणि शंभर भाग तांबं, म्हणून रंगात किंचित लाली. सराफी पेढीवर काम करणाऱ्या आमच्या अण्णांनी कसोटीवर ओढून बघितलं असतं तर म्हणाले असते, बावीस कॅरेटला थोडं कमी आहे, पण सच्चं आहे.

रिकामा खण आहे 1911 चा, डेन्व्हरच्या टांकसाळीचा. बाकीचा प्रत्येक प्रकार दोन लाखांच्या वर पाडला गेला. हा एकटाच 55,680. पुढच्या महिन्यात बाल्टिमोरला नाण्यांचं मोठं प्रदर्शन भरतं. दोन वर्षांची शिल्लक बाजूला काढून ठेवली आहे.

17 ऑक्टोबर

रात्री टेबलावरचा दिवा आडवा करून चौदाही नाणी पाहिली. या नाण्यांना उजेड तिरपा लागतो. एरवी नाण्यावर चित्र उठावाचं असतं. इथे उलट आहे. सपाट भाग सगळ्यात वर आणि चित्र त्यात खोल गेलेलं. पिसांचा टोप घातलेला मूळनिवासी सरदार, त्याच्याभोवती तेरा तारे, मागच्या बाजूला बाणांच्या जुडीवर उभा गरुड, सगळं पृष्ठभागाच्या खाली. कडेला उभी किनारही नाही. मूर्तिकार बॉस्टनचे बेला लायन प्रॅट. कल्पना मात्र विल्यम स्टर्जिस बिगेलो यांची. शिक्षणाने डॉक्टर, जपानमध्ये वर्षानुवर्षं राहिलेले, कलावस्तूंचे मोठे जाणकार आणि अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचे मित्र. प्राचीन इजिप्तच्या भिंतींवरची खोदीव शिल्पं त्यांच्या डोळ्यांसमोर होती.

1908 च्या अखेरीस नाणी बाहेर आली आणि फिलाडेल्फियाचे नाण्यांचे व्यापारी सॅम्युएल चॅपमन यांनी थेट रूझवेल्टना तक्रारीचं पत्र धाडलं. खोलगट भागात मळ साठेल, रोग पसरतील, सरदार खंगलेला दिसतो, असे आक्षेप होते. बिगेलोंनी त्यांना मुद्देसूद उत्तर दिलं आणि नाणं होतं तसंच राहिलं.

खोल चित्राचा एक परिणाम मात्र संग्राहकाने समजून घ्यावाच लागतो. चित्र खाली असल्यामुळे झीज आणि ओरखडे पहिल्यांदा सोसतो तो वरचा सपाट भाग. दुसऱ्या नाण्यांवर आपण गालाकडे, केसांकडे बघतो. इथे मोकळ्या जागेची चकाकी बघायची. ती सलग असेल तर नाणं खिशात फारसं हिंडलेलं नाही. तेव्हा ही नाणी नाताळची भेट म्हणून दिली जायची. माझं 1913 चं बहुधा तसंच असावं. कुणी तरी लेकराच्या हातावर ठेवलं असेल आणि त्याने ते जपलं असेल. चकाकी अजून एकसंध आहे.

23 ऑक्टोबर

न्यूयॉर्कला लेकीकडे गेले होते. परतताना सेंट्रल पार्कच्या आग्नेय कोपऱ्यावर थांबले. तिथे जनरल शर्मनचा सोनेरी मुलाम्याचा अश्वारूढ पुतळा आहे, 1903 चा, ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांनी घडवलेला. घोड्यापुढे विजयदेवता चालते आहे, उजवा हात उंच, वस्त्र वाऱ्यावर. तिच्यासाठी हेटी अँडरसन ही आफ्रिकन-अमेरिकन स्त्री मूर्तिकारासमोर उभी राहिली होती, आणि वीस डॉलरच्या नाण्यावरच्या लिबर्टीसाठीही सेंट-गॉडन्सनी तिलाच डोळ्यांसमोर ठेवलं. नाण्यावर तिच्या एका हातात मशाल आहे, दुसऱ्यात ऑलिव्हची डहाळी, आणि मागे उगवत्या सूर्याचे किरण. पुतळ्याखाली उभं राहिलं की कळतं, एवढी मोठी चाल त्यांनी 34 मिलिमीटरच्या गोलात बसवली.

1904 च्या डिसेंबरात रूझवेल्टनी अर्थमंत्र्यांना लिहिलं की आपली नाणी दिसायला अत्यंत कुरूप आहेत, आणि सेंट-गॉडन्सना हे काम देता येईल का अशी विचारणा केली. दोघांनाही जुन्या ग्रीक नाण्यांचा उंच उठाव हवा होता. मूर्तिकाराला तोवर कर्करोगाने गाठलं होतं. न्यू हॅम्पशायरमधल्या कॉर्निशच्या कार्यशाळेत त्यांचे सहायक हेन्री हेरिंग हे साचे घडवत होते. टांकसाळीचे मुख्य खोदकाम करणारे चार्ल्स बार्बर यांचं म्हणणं होतं की एवढा उठाव यंत्राला पेलणार नाही. त्यांचंही खोटं नव्हतं. पहिल्या नमुन्यांना दाबयंत्राचे सात ते नऊ ठोके लागले. असे नमुने आज विसेकच उरले आहेत. 3 ऑगस्ट 1907 ला सेंट-गॉडन्स गेले. पूर्ण झालेलं नाणं त्यांना बघायला मिळालं नाही. त्यानंतर थोडा उतरता उठाव घेऊन बारा हजारांच्या आसपास नाणी काढली. त्यांनाही तीन-तीन ठोके लागत. त्यांच्यावर साल रोमन आकड्यांत आहे. मग बार्बरनी उठाव सपाट केला, साल नेहमीच्या आकड्यांत आलं आणि लाखांनी नाणी पडू लागली.

ते रोमन आकड्यांचं नाणं मी एकदाच हातात घेतलं आहे, एका लिलावाच्या आधीच्या पाहणीत. मशालीच्या खालची बोटं मोजता येत होती. तिथल्या बाईंनी देऊ केलेली खुर्चीही मी घेतली नाही, उभीच राहिले.

29 ऑक्टोबर

आज ते खोटं नाणं पुन्हा बाहेर काढलं. दरवर्षी काढते, डोळा तयार राहावा म्हणून. सोळा वर्षांपूर्वी एका दुकानातून घेतलेलं, 1911 चं, डेन्व्हरचं म्हणून. सुट्टं होतं, तपासून डबीबंद केलेलं नव्हतं. दुकानदाराचं बोलणं मोकळं होतं, किंमत जरा कमी होती, आणि माझ्या मनाने तो खण केव्हाच भरून टाकला होता. तपासणीला पाठवल्यावर कळलं, नाणं फिलाडेल्फियाचं, अस्सल सोन्याचं. खोटं आहे ते नुसतं एक अक्षर. कुणी तरी डी चिकटवला होता. पैसे परत मिळाले नाहीत. त्या वर्षी मी दुसरं काही घेतलं नाही.

दहापटीच्या भिंगाखाली आता ते लगेच दिसतं. या नाण्यावर सगळं चित्र खोल असतं. उठून आलेली गोष्ट एकच, टांकसाळीचं ते बारीक अक्षर. मागच्या बाजूला, बाणांच्या टोकांच्या डावीकडे. ठशात चित्र उंच असतं, म्हणून ते नाण्यावर खोल जातं. अक्षर ठशात ठोकून खोल केलेलं असतं, म्हणून नाण्यावर वर येतं. खऱ्या नाण्यावर अक्षर सोन्यातूनच वर आलेलं असतं, त्याच्या पायाशी फट नसते. माझ्या नाण्यावर पायाशी काळसर रेघ आहे आणि भोवती घासल्याचा चट्टा. तेव्हा मी अक्षर आहे एवढंच पाहिलं. ते कुठून उगवलं आहे ते पाहिलं नाही.

अक्षर डोक्यावर बसलेलं असल्यामुळे ते झिजतंही सगळ्यात आधी. त्यात डेन्व्हरच्या त्या वर्षीच्या बऱ्याच नाण्यांवर ते मुळातच पुसट उमटलं. म्हणून अस्सल नाण्यांतही दोन जाती पडल्या, ठसठशीत अक्षराची आणि पुसट अक्षराची.

रोमन आकड्यांच्या नाण्याचे नकली नमुने याहून भारी असतात. त्यांतल्या एका घडवणाऱ्याने गरुडाच्या नखात ग्रीक ओमेगा कोरून ठेवला होता, आणि आज तज्ज्ञ आधी तिथेच बघतात. 1986 आणि 1987 साली नाणी तपासून, 1 ते 70 च्या पट्टीवर गुण देऊन डबीबंद करणाऱ्या कंपन्या निघाल्या, त्यामागे अशाच फसवणुकी होत्या. मी आता सुट्टं महागाचं नाणं घेत नाही.

4 नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. चौरंगावर आजीची पुतळ्यांची माळ ठेवली आणि शेजारी पेटी. पुतळीचं मूळ व्हेनिसच्या डुकॅटमध्ये आहे. ते नाणं व्यापाराबरोबर आपल्याकडे आलं आणि आपल्या बायकांनी ते गळ्यात घातलं. गिनीचंही तसंच. आपल्याकडे नाणं पेटीत निजत नाही, अंगावर चढतं किंवा मुशीत जातं.

सांगलीला दादाला फोन केला. म्हणाला, "अगं, अण्णांच्या पेढीचा तो लाकडी गल्ला अजून आहे माझ्याकडे." मग आम्ही दोघं बराच वेळ अण्णांबद्दल बोललो.

अण्णा सराफी पेढीवर हिशेब लिहायचे. 1962 ची दिवाळी, मी सात वर्षांची. मिरजेकडचे एक शेतकरी गिनी घेऊन आले होते. मुलीचं लग्न ठरलं होतं, मंगळसूत्राच्या वाट्या करायच्या होत्या. कारागिराने मूस तापवायला घेतली. मुशीत टाकण्याआधी अण्णांनी गिनी भिंगाखाली धरली आणि मला जवळ बोलावलं. म्हणाले, "साल वाच." मी वाचलं, 1918. "आता घोड्याच्या पायाखाली बघ, एक काडी दिसते? ती इंग्रजी आय. ही गिनी मुंबईत पाडलेली आहे." पहिल्या महायुद्धाच्या त्या शेवटच्या वर्षी मुंबईच्या टांकसाळीत सॉव्हरिन, म्हणजे आपल्या गिन्या, पाडले गेले, आणि त्यांच्यावर हे अक्षर घातलं गेलं. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त ती काडी दिसली. मग गिनी मुशीत गेली. आधी कडा मऊ झाली, मग राजाचा चेहरा, आणि बघता बघता थेंब झाला. अण्णांनी चोपडीत लिहिलं: नाव, वजन, कस.

त्या वाट्या त्या मुलीने आयुष्यभर घातल्या असतील. ते सोनं वाया गेलं असं मी कधीच म्हणणार नाही. पण चोपडीत 1918 नव्हतं.

9 नोव्हेंबर

लोक विचारतात, नाणी लाखांनी पाडली होती तर दुर्मीळ कशी? त्याचं उत्तर 1933 मध्ये आहे.

5 एप्रिल 1933 ला फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी हुकूम काढला. सोन्याची नाणी, लगडी आणि सोन्याच्या हमीच्या नोटा 1 मेपर्यंत बँकेत जमा कराव्यात. भाव औंसाला 20.67 डॉलर. न देणाऱ्याला दहा हजार डॉलरपर्यंत दंड किंवा दहा वर्षांपर्यंत कैद. पुढच्या जानेवारीत सरकारने सोन्याचा भाव 35 डॉलर केला. जमा झालेली नाणी टांकसाळीत आटवून विटा पाडल्या, आणि 1936 अखेर बांधून झालेल्या फोर्ट नॉक्सच्या तिजोरीत त्या रचल्या गेल्या.

म्हणून माझ्या वहीत प्रत्येक नाण्यापुढे एकाऐवजी दोन रकाने आहेत, पाडली किती आणि उरली किती. 1927 सालची डेन्व्हरची वीस डॉलरची नाणी 1,80,000 पाडली. आज डझनभर माहीत आहेत. 1933 ची दहा डॉलरची 3,12,500 पाडली. उरली आहेत तीस-चाळीस. बाकीची टांकसाळीच्या थैल्यांतून बाहेरच पडली नव्हती, थैल्यांसकट आटणीला गेली. उलट देशाबाहेर गेलेली नाणी वाचली. देणी फेडायला युरोपच्या बँकांत पाठवलेल्या थैल्या तिथेच पडून राहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू परतल्या. सॅन फ्रान्सिस्कोचं 1924 चं वीस डॉलरचं नाणं 1940 च्या दशकात फार दुर्मीळ मानत. युरोपातून थैल्या आल्या आणि ते आवाक्यात आलं.

हुकमात एक दार उघडं ठेवलेलं होतं. दुर्मीळ म्हणून संग्राहकांना ज्यांचं खास मोल आहे अशा नाण्यांना सूट. तेव्हाचे अर्थमंत्री विल्यम वुडिन स्वतः नाण्यांचे जाणते संग्राहक आणि अभ्यासक होते. त्या एका कलमाने किती नाणी वाचली असतील, याचा विचार करून मला दर वेळी भरून येतं. सरकारी कागदात कुणी तरी मान्य केलं की सोन्याच्या तुकड्याला वजनापलीकडे काही असतं.

आपल्याकडे असा हुकूम 1963 च्या जानेवारीत आला. सुवर्ण नियंत्रण. नवे दागिने 14 कॅरेटच्या वर करायचे नाहीत, दागिन्यांखेरीजचं मर्यादेवरचं सोनं सरकारला कळवायचं. ती गिनी आटवल्यावर तीन महिन्यांच्या आत पेढीवरची मूस थंड पडली. कारागीर रोज येऊन बसायचे, मग येईनासे झाले. अण्णांनी त्यांची भट्टी पुसून ठेवली. म्हणून 1933 बद्दल वाचताना मला तो नुसता आकड्यांचा इतिहास वाटत नाही. अमेरिकेत सामान्य माणसाला सोनं बाळगायची पूर्ण मोकळीक मिळाली 31 डिसेंबर 1974 ला. आपल्याकडचा कायदा गेला 1990 मध्ये.

14 नोव्हेंबर

पूर्वी वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या संग्रहालयात 1933 चं वीस डॉलरचं नाणं पाहिलं होतं. त्या वर्षी फिलाडेल्फियात 4,45,500 पाडली, पण चलनात एकही दिलं नाही. दोन संग्रहालयासाठी ठेवली, बाकी आटवायची होती. काही टांकसाळीतून निसटली. एक इजिप्तचा राजा फारूक याच्याकडे गेलं, आणि 1944 मध्ये त्याला निर्यातीचा परवानाही अमेरिकी अर्थखात्यानेच दिला. थोड्याच दिवसांत चूक लक्षात आली. फारूकचं राज्य गेल्यावर 1954 साली कैरोच्या लिलावात ते निघालं, अमेरिकेने मागणी केली, आणि नाणं यादीतून गायब झालं. 1996 मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात एक ब्रिटिश व्यापारी ते विकताना पकडला गेला. तडजोड झाली, आणि 30 जुलै 2002 ला लिलावात ते 75.9 लाख डॉलरला गेलं. किमतीवर आणखी वीस डॉलर घेतले गेले. ते नाणं सरकारने त्या दिवशी पहिल्यांदा चलनात दिलं, त्याबद्दलचे. 2021 मध्ये त्याला सुमारे एक कोटी एकोणनव्वद लाख डॉलर आले. दुसऱ्या एका कुटुंबाच्या तिजोरीत सापडलेली दहा नाणी कोर्टाने सरकारची ठरवली.

लोक त्या काचेसमोर किमतीबद्दल बोलत होते. मी त्याचं साल बघत होते. 1932 च्या नाण्याहून वेगळा तेवढाच एक आकडा. धातू तोच, वजन तेच, 33.436 ग्रॅम. तो आकडा मुशीतून वाचला, म्हणून सगळी माणसं त्याच्यामागे धावली.

20 नोव्हेंबर

बाल्टिमोर. पहाटेची गाडी धरली. दारं उघडली तेव्हा रांगेत पुढेच होते. दुपारपर्यंत 1911 ची डेन्व्हरची नऊ नाणी पाहिली. शेवटी एका वयस्क व्यापाऱ्याच्या टेबलावर दोन डबीबंद नाणी शेजारी शेजारी मिळाली, किमतीत फारसा फरक नव्हता. एकाला 62 गुण, चकाकी सुंदर, पण अक्षर इतकं पुसट की दिवा तीनदा फिरवला तेव्हा कुठे सावली दिसली. दुसऱ्याला 55. सपाट भागावर बारीक ओरखडे, चकाकी फक्त अक्षरांच्या आडोशाला उरलेली. हे नाणं खिशातून फिरलं आहे. पण डी पूर्ण. उभी रेघ आणि पोट, दोन्ही सोन्यातून सरळ वर आलेली, पायाशी फट नाही, रंगात फरक नाही.

ते म्हणाले, "विकताना तुम्हाला 62 सोपं जाईल." खरंच म्हणत होते. मी भिंग ठेवलं आणि 55 मागितलं. त्यांनी माझ्याकडे बघून नाणं मऊ कापडावर ठेवलं, पावती लिहिली आणि म्हणाले, "अक्षरासाठी घेताय. चांगलं केलंत."

22 नोव्हेंबर

पंधरावा खण भरला. डबी त्या खणात मावत नव्हती, म्हणून खणाचं मखमलीचं अस्तर थोडं कापावं लागलं.

वहीत नोंद केली. 1911. डी. डेन्व्हर. पाडली 55,680. 4.18 ग्रॅम. कुठून घेतलं, काय दिलं, अक्षर कसं आहे. अण्णांच्या चोपडीसारखीच ही वही, लाल कापडी बांधणीची, दादाने सांगलीहून पाठवलेली. सोनं आटलं तरी वजन राहतं, कस राहतो. जातं ते साल आणि ते एवढंसं अक्षर. बावीस वर्षं मी तेवढंच सांभाळते आहे.

मग पान उलटलं आणि नव्या पानावर एक नोंद लिहिली. पेटीत त्या नाण्याला खण नाही.

1918. आय. मुंबई. गिनी. सांगलीला पेढीवर पाहिली, दिवाळी 1962. साल अण्णांनी वाचायला लावलं. आटवली. मंगळसूत्राच्या वाट्या केल्या.